पिवळ्या पट्ट्यांच्या आत

नानांची सून दार वाजवून म्हणाली, "काका, नाना उठत न्हाईत," तेव्हा मनात पहिलं आलं ते हेच, की पडले! पण नाना पडले नव्हते. पडायची एवढी धास्ती घेतलेला माणूस झोपेतच गेला. सुखानं गेले, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे... मला मात्र नानांचा रागच येतो.

नाना मूळचे कुरुळीचे. कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो आणि म्हातारपणी एकाच मजल्यावर समोरासमोर राहायला आलो. माझी बायको गेल्यावर संध्याकाळी माझ्या घरी दुसरा माणूस यायचा तो एवढाच. "ह्यो च्या हाय का काढा?" म्हणत कप मात्र रिकामा करायचे.

मग नाना मोरीत घसरले. हाड शाबूत राहिलं, पण धीर सुटला. गुळगुळीत फरशी त्यांना ओलीच दिसायला लागली. कंपनीत चालायच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पिवळे पट्टे असायचे. त्यांच्या आत राहिलं की धोका नाही, हे नानांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी मुलाकडून तशाच चिकटपट्ट्या घरात मारून घेतल्या, पलंगापासून मोरीपर्यंत आणि तिथून दारापर्यंत. भिंत धरून त्यातूनच चालायचे. माझ्याकडे येणं बंद झालं.

"अहो नाना, समोर तर दार आहे, राव!"

"पट्टी कुठं हाय तिथं?"

शेवटी मीच रीळ आणलं. कुरकुरणारे गुडघे टेकून त्यांच्या उंबऱ्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत पट्ट्या मारल्या. नाना दारात उभे राहून ओरडत होते, "वाकडी गेली, वाकडी!" मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक पाय बाहेर टाकला, जिन्याकडे बघितलं, आणि पाय मागं घेतला. "उद्या येतो," म्हणाले. पुढं रोज तेच. चहा मीच तिकडं न्यायला लागलो, पण माझं घर संध्याकाळचं ओसच राहिलं.

नाना गेल्यावर त्यांच्या मुलानं घरातल्या पट्ट्या खरवडून काढल्या. "काका, बाहेरच्या पण काढू?" मी म्हटलं, असू दे रे, कुणाला नडतायत का? परवा दूधवाल्यानं बेल वाजवली. दार उघडायला उठलो, तर वाटेतच ध्यानात आलं... मी भिंतीला हात लावून, पट्ट्यांच्या आतून चाललो होतो.