शुक्रावरचे जंतू

कोरोनाच्या पहिल्या वर्षी मला परभणीतल्या एका वसतिगृहाच्या खोलीत ठेवलं होतं. सोबत पिंगळीच्या एक मावशी होत्या, शेतमजुरी करणाऱ्या. दाराला बाहेरून कडी असायची. जेवणाचं पाकीट द्यायला कुणी आलं, तरच ती निघायची. मी कॉलेजात विज्ञान शिकवते, पण तिथे मला स्वतःच्या श्वासावर लक्ष ठेवण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

एका पहाटे मावशी खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. "शुक्राची चांदनी निगाली बगा," त्या म्हणाल्या. मला मोबाइलवरची बातमी आठवली. शुक्राच्या ढगांत एक वायू सापडला होता, आणि तो कदाचित सजीवांमुळे तयार झाला असावा, असं काही शास्त्रज्ञांना वाटत होतं. मी ते मावशींना सांगितलं.

"म्हंजी तितं मानसं हायत?"

"माणसं नाहीत मावशी. असलेच तर जंतू."

त्या गज सोडून माझ्याकडे वळल्या. "अवो, जंतूपायीच तर आपल्याला हितं कोंडलंय. आन् ते तिकडं जंतूच हुडकायलेत?"

मला इतकं हसू आलं, की खोकल्याची उबळ थांबेना. मावशी पाठ चोळत राहिल्या.

पुढे मी घरी आले, तरी वेगळ्या खोलीतच राहायचं होतं. तिथेच त्यांचा फोन आला. त्यांनाही घरी सोडलं होतं.

"बाई, घावले का ते जंतू?"

"अजून नक्की नाही. शास्त्रज्ञांतच वाद चाललेत."

"बरं," त्या म्हणाल्या, "मी रानात आलेय. तुमी कवा निगताव भाईर?"