पहिल्या पानापासून

“शोधू नकोस, वाच!” असं म्हणून काकू लायब्ररीच्या टेबलावर थाड्कन हात आपटायच्या. आसपासचे विद्यार्थी हेडफोन काढून बघायचे. सुपरवायझर मात्र माझ्याकडे बघायची, कारण काकूंना तिथे आणलं होतं मीच.

कॅनडात वॉटर्लूला लेकीकडे राहायला आलेल्या या काकूंनी पुण्यातल्या एका दप्तरखान्यात तीस वर्षं मोडी कागद वाचले होते. रिटायर झाल्या, पण खोड गेली नाही. आमच्या लायब्ररीत दर मंगळवारी म्हातारे गोरे लोक आपले पूर्वज शोधायला यायचे. इंग्लंडमधल्या चर्चची जुनी रजिस्टरं, बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं स्क्रीनवर. अक्षर असं गिचमिड, की ते त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. काकूंना लागायचं. “अगं, मोडी वाचणाऱ्याला हे म्हणजे बालवाडी,” म्हणायच्या.

शंभर वर्षांपूर्वी मेलेल्यांशीही भांडणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. काकू पाद्र्यांशी भांडायच्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव नसलं, की स्क्रीनवर चष्म्याची काडी आपटत विचारायच्या, “मेल्या, शाई संपली होती का तुझी?”

रॉय त्या मंगळवारवाल्यांपैकीच, ऐंशी ओलांडलेला. त्याचा बाप आर्थर आठ वर्षांचा असताना इंग्लंडमधल्या गरीब मुलांच्या एका आश्रमानं त्याला जहाजात घालून इकडे शेतावर राबायला पाठवलं होतं. मागाहून आश्रमाचं पत्र आलं: तुझी आई वारली. त्यानंतर आर्थरनं जन्मभर आईचा विषय काढला नाही. रॉयला आजीच्या दफनाची नोंद हवी होती. बापाच्या थडग्यावर तिचंही नाव कोरायचं होतं. तीन वर्षं तो त्या एकाच सालची दफनं धुंडाळत होता.

“इथेच चुकतोय हा,” काकू मला म्हणाल्या. “पत्र खरं कशावरून? रॉय, सिट. फर्स्ट पेज.”

सहा मंगळवार गेले. आजी दफनांत नव्हतीच. ती सापडली लग्नांत. विधवा, आधीचं आडनाव आर्थरचंच, सहीच्या जागी फुली. पत्रानंतर दोन वर्षांनी केलेलं दुसरं लग्न! रॉय खुर्चीतून उठलाच. “शी वॉज अलाइव्ह!”

काकू हसल्या नाहीत. पुढची पानं वाचत राहिल्या आणि एका बाप्तिस्म्यावर बोट ठेवून थांबल्या. तीच आई, तोच दुसरा नवरा, नवा मुलगा. मुलाचं नाव आर्थर.

“रॉय, तुमच्यात पहिला मुलगा जिवंत असताना दुसऱ्याला तेच नाव ठेवतात?”

मी ते इंग्रजीत विचारलं. रॉयनं मान हलवली. “नो. ओन्ली इफ द फर्स्ट वन डाइड.” बोलता बोलता तो परत खुर्चीत बसला.

“आमच्यातही गेलेल्याचंच ठेवतात,” काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात टेबलावर असा आदळला की माझी पाण्याची बाटली खाली पडली. “हलकटांनो! तिलाही सांगितलंत ना, पोरगा मेला म्हणून? तो इकडे शेण उपसतोय आणि ती तिकडे त्याच्या नावाचं दुसरं पोर मांडीवर घेऊन बसलीय! कोणी दिला तुम्हाला अधिकार?” हे सगळं मराठीत. सुपरवायझर धावत आली. मी तिला सांगितलं, आज त्यांना कोणी गप्प करायचं नाही. रॉय टेबलावर डोकं टेकून रडत होता.

थडग्यावर रॉयला ‘चिरशांती लाभो’ असं घालायचं होतं. काकू उसळल्या. “डोंबलाची शांती! झालं ते लिहा.”

दगड बसायच्या आधीच काकू पुण्याला परतल्या आणि दिवाळीनंतर तिथेच वारल्या. लेकीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मंगळवारचं ते टेबल हल्ली अगदी शांत असतं. सुपरवायझरला बरं वाटतं, मला ते सहन होत नाही.

मार्चमध्ये रॉय मला दफनभूमीत घेऊन गेला. दगडावर बर्फ साचला होता, तो मी जाड हातमोज्यानं पुसला आणि वरून वाचत आले. आईचं नाव. आर्थरचं नाव. खाली एकच ओळ: या दोघांना एकमेकांच्या मरणाची खोटी बातमी दिली गेली.

मी हातमोजा काढला आणि त्या दगडावर थाड्कन हात आपटला. रॉयनं माझ्याकडे बघितलं. मग त्यानंही आपटला.