स्पीकरच्या तारेवरचा कलावा

अन्याय माझ्या बाबांवर झाला. मागल्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी, ते पणत्या आणायला खाली गेले होते त्या अर्ध्या तासात. कुणी केला, तेही लिहिणार आहे. लपवणार नाही.

गोमती नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांची चैन एकच: जुना स्टिरिओ आणि त्याचे गुडघ्याएवढे दोन स्पीकर. बँकेतून रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी ते सोफ्यावर अगदी मधोमध बसतात आणि डाव्या हाताने मांडीवर डग्ग्याचा ठेका धरतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भजनाला तबला त्यांचाच असायचा.

भाऊबीजेच्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "डग्गा कुठे गेला गं? तबला ऐकू येतो, डग्ग्याची घुमक येत नाही. गाणारा समोर मधोमध बसायचा, आता कुठे बसलाय तेच कळत नाही."

बेसचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर कोपऱ्यात सरकवले. खाली विटा ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या.

"आता विटा आल्या घरात," आई म्हणाली. "उद्या चूल मांडा दिवाणखान्यात."

मी ई-रिक्षावाल्यांसाठी पत्रक लिहीत होते. 'आमचं ऐका' हेच मथळ्यात होतं. मान वर न करता मी म्हटलं, "बाबा, उम्र हो गई है यार, मान लो ना."

आई हसली. मीही हसले. बाबांनी विटा उचलून गॅलरीत नेल्या.

मग ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. वयानुसार थोडं कमी ऐकू येतंय, डॉक्टर म्हणाले. या वयात कुणालाही हेच सांगितलं असतं. पण बाबांनी घरी येऊन तो कागद माझ्यासमोर ठेवला, हरलेला माणूस ठेवतो तसा. श्रावणात त्यांनी मंडळाला फोन केला, "यंदा दुसरं कुणी बघा. आता माझा डावा हात मला ऐकू येणार नाही." मी शेजारच्या खोलीत होते. मी ऐकलं आणि पत्रकं मोजत राहिले.

गणपती झाले. तबला दुसऱ्या कुणीतरी वाजवला.

त्यानंतर आमच्या धरणे आंदोलनात मी घाईघाईत भाड्याच्या स्पीकरच्या तारा जोडत होते, तेव्हा माइकवाले भैया ओरडले, "दीदी, लाल में लाल, काले में काला! एक डब्बा उल्टा जोड़ दिया आपने. दोनों आपस में लड़ेंगे, बेस मर जाएगा!"

"तार तो दोनों एक जैसे हैं, भैया."

"तो निशान बाँधो न! धागा ही बाँध दो."

धागा. मी तार हातात धरून तिथेच उभी राहिले.

धनत्रयोदशीला साफसफाई करताना मी बाबांच्या स्पीकरच्या तारा काढल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एका तारेला पूजेत मनगटावर बांधतात तो लाल धागा, कलावा, बांधलेला होता, धुळीने काळपट झालेला. मी आईला म्हटलं होतं, "तारांनाही नजर लागते का आता?" आणि कात्रीने दोन्ही कापून टाकले. अंधश्रद्धेवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत, मला काय विचारायची गरज! मग तारा जशा हाताला आल्या तशा खोचल्या. ती बाबांची खूण होती, बस. लाल ते लालमध्ये.

त्या दिवशी घरी येऊन मी एका स्पीकरच्या तारा उलटवल्या. बटणाला हात लावला नाही. डग्गा आला. कपाटाची काच थरथरली. बाबांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि तसाच हवेत थांबला.

"आवाज वाढवलास ना? नको. खालचे तक्रार करतील."

"बाबा, आवाज तेवढाच आहे. तार मी उलटी लावली होती. तुमचे कान बरोबर होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलीची समजूत काढताना बघतात तसं. "राहू दे, बाळा. वय होतंच माणसाचं."

मी कलाव्याचं सांगितलं. माइकवाल्यांचं सांगितलं. तार पुन्हा उलटी लावून दाखवली, पुन्हा सुलटी. ते मान हलवत राहिले. तो हात मांडीवर पडून राहिला. मी चौकात उभी राहून अनोळखी शंभर माणसांना पटवते. या एकाला मला पटवता येत नाही, कारण माझं जे पटायला नको होतं ते त्यांना आधीच पटलंय.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस म्हणत असेल की काहीतरी नीट ऐकू येत नाही, तर त्याच्या वयाचं नाव घेऊ नका. आधी उठा, स्पीकर भिंतीपासून ओढा आणि मागे वाकून बघा. आज.