नऊ पावलं

रविवारी साडेसहाला दूध येतं, सातला नळ जातो. पाणी भरून, चहा घेऊन न्यायदंडाधिकारी वृंदा सोनटक्के निवासस्थानाच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर टेकतात. हातातलं वर्तमानपत्र हळूच घसरतं आणि समोर तुंगार साहेब उभे असतात. साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली. वृंदाताईंनी उमेदवारीचे दिवस काढले ते त्यांच्याच कोर्टात.

"काल किती जणांना कोठडी दिलीस?"

"चौघांना, सर."

"चालवून पाहिलंस?"

व्हरांडा लांबत जातो, जुनं कौलारू कोर्ट होतो. साहेबांची रीतच होती ती : आरोपीची खुर्ची दारापासून मुद्दाम नऊ पावलांवर ठेवायची, तो कसा चालत येतो ते बघायचं, पोलिसांना बाहेर पाठवायचं आणि मगच मारहाणीबद्दल विचारायचं. पोलीस चेष्टेनं त्या कोर्टाला तालीम म्हणायचे.

फरशीवर आता नदीची वाळू आहे. मोटारपंपाच्या चोरीत पकडलेला दगडू काळेल तिच्यावरून टाचा न टेकता चालतो आहे.

"हा काल काय म्हणाला?"

"तक्रार नाही म्हणाला."

"कुणाकडं बघून?"

वृंदाताईंना आठवतं. फौजदार दगडूच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

"मंगळवारी पुन्हा हजर करतील, सर. तेव्हा विचारीन."

"अगं, पूर्वी किती प्रश्न विचारायचीस! डोकं उठवायचीस माझं," साहेब हसतात. मग वाळूत बसून वृंदाताईंचा पाय हातात घेतात. "आणि मंगळवारपर्यंत याच्या टाचांचं काय?"

"सर, हे काय! तुम्ही माझ्या पायाला..."

जाग येते. व्हरांड्यात ऊन आलेलं. डाव्या पायाच्या तळव्यावर चार बोटांचे तांबूस ठसे.

वृंदाताई पोलीस ठाण्याला फोन लावतात. "काळेलला अकराला निवासस्थानी हजर करा."

"मॅडम, आज रविवार..."

"म्हणूनच घरी बोलावतेय."

अकराला त्या खुर्ची पार भिंतीशी सरकवतात, फौजदाराला फाटकाबाहेर थांबवतात. चौथ्या पावलाला दगडू आधारासाठी मागं सुटलेली दाराची चौकट शोधत हात हवेत फिरवतो. त्या उठून त्याला आधार देतात, बसवतात.

"आता आपण दोघंच आहोत. सांगा."

बराच वेळ तो बोलतो. त्या लिहून घेतात. आरोपीस तत्काळ वैद्यकीय तपासणीसाठी पाठवण्याचा आदेश देतात आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहितात : 'काल पोलिसांसमक्ष विचारणा केली, ही माझी चूक.' सही करतात.