उदगीरच्या किल्ल्यावर वाळलेला रंग

शनिवारी सकाळी नांदेडच्या स्टँडवर पप्पा सोडायला आले होते. त्यांनी एकच वाक्य तीनदा ऐकवलं, "सोमवारी दहाच्या आत पुण्याच्या कंपनीला उत्तर द्यायचंय." वर्षभरापूर्वी मी तिथली नोकरी सोडून घरी आले आणि जलरंगवाल्यांसाठी मोबाईल अ‍ॅप करायला बसले. फोटो काढायचा, हव्या त्या जागेवर बोट ठेवायचं, की तो रंग आपल्या ट्यूबांमधून कसा बनवायचा ते अ‍ॅप सांगतं. आता कंपनी परत बोलवत होती. पप्पांशी ठरलं ते असं: रविवारी उदगीरच्या किल्ल्यावर चित्रकलेचे शिक्षक जमणार, त्यांच्यासमोर अ‍ॅप चाललं तर पुणं रद्द. नाही चाललं तर बॅग भरायची.

सकाळच्या गाडीत उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन भाजून काढतं. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, पण जागा पूर्ण मिळेलच असं नाही. लोह्याला सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, खाल्ली, गरम, वर शेंगदाणे. खाल्ली म्हणजे निम्मी ठेवली, सगळं लक्ष फोनमध्ये होतं. अहमदपूरपर्यंत मी खिडकीतून दिसेल त्या नांगरटीचे फोटो काढून अ‍ॅप तपासत होते.

शेजारच्या मावशींना राहवलं नाही. "काय करायलीस माय?"

"रंग बघतेय."

"मग फोनमधी कशाला? भाईर बघ की."

मी पुढच्या नांगरटीवर फोन धरला.

उदगीरला मी बिराजदार सरांकडे उतरले. दहावीपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि सर मला चित्रकला शिकवायचे. आता ते निवृत्त आहेत, पण कपाळावरची विभूती आणि खिशातला ब्रश दोन्ही जागच्या जागी. शिक्षकांना त्यांनीच बोलावलं होतं. काकूंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. मी जेवता जेवता अ‍ॅपबद्दल बोलत सुटले, सर फक्त "हाव, हाव" करत मान डोलवत होते. त्यांना पटलंय की नाही हे काही कळेना.

किल्ल्यावर जायचं तर सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात नऊनंतर दगड तापतो आणि आत पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. रविवारी सर आणि मी साडेसहालाच पोचलो. दहा-बारा शिक्षक सावली धरून बसले होते. मी तटबंदीच्या काळपट दगडाचा फोटो काढला, बोट ठेवलं. अ‍ॅपनं सांगितलं: अल्ट्रामरीन निळा दोन भाग, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एक, आणि किती पाणी तेही. लातूरजवळच्या मुरूडहून आलेल्या शिंदे मॅडमनी तसंच मिसळून कागदावर हात मारला.

हुबेहूब दगड! कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या मनात पुणं तेव्हाच रद्द झालं होतं.

उदगीरची ती कोरडी हवा. बघता बघता कागद वाळला आणि रंग उतरला. फिका, मेलेला करडा.

"ह्यो दगड हाय का चुलीतली राख?" मागून एक सर म्हणाले. हसू उमटलं. मी पुन्हा फोटो काढला, पुन्हा मिसळायला लावलं. ओला असताना दगड, वाळल्यावर राख. तिसऱ्यांदाही तेच.

शिंदे मॅडमनी हळूच विचारलं, "घरी वाळू दिलंच न्हाई का तुम्ही?"

नव्हतं दिलं. नांदेडला मी कूलरसमोर बसून काम करते. त्या दमट हवेत रंग बराच वेळ ओला राहतो. ब्रश ठेवला की लगेच फोटो काढायचा आणि अ‍ॅपला दाखवायचा, अशी माझी घाई, म्हणून अ‍ॅप फक्त ओलेच रंग शिकलं होतं. जलरंग वाळल्यावर फिका पडतो हे पोरंसोरं जाणतात. मी वर्षभर उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं आणि ते लपवताही येईना.

घरी आल्यावर सरांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत लग्नपत्रिकांचे गठ्ठे. प्रत्येकीच्या कोऱ्या पाठीवर रंगांच्या पट्ट्या आणि खाली बारीक अक्षरात काय किती घेतलं ते. चित्राला हात लावण्याआधी सर पट्टी काढून वाळू देतात. नोकरीला लागल्यापासून त्यांनी एकही टाकलेली नव्हती.

"हे समदे वाळलेले हायेत," ते म्हणाले. "तुझ्या फोनला हे शिकव. फोटो सावलीत काढ, आन् पत्रिका माघारी आणून दे."

निघताना शिंदे मॅडमचा फोन आला. "सुधारून आणा. मी पोरं घेऊन बसते." रविवारच्या दुपारच्या गाडीत पत्रिकांची पिशवी मांडीवर धरून बसले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. ठरलेल्या बोलीनुसार मी हरले होते.

सोमवारी सकाळी नांदेडच्या घरी, नऊला, गॅलरीच्या सावलीत मी एकेक पत्रिका मांडत होते. पप्पा घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. मधल्याच एका गठ्ठ्यात एक पत्रिका निघाली. पाठीवर हिरव्या रंगाचा ओघळलेला पट्टा, बाजूला माझं नाव, सातवी ब. खाली सरांच्या लाल शाईत: "ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये. वाळल्यावर बघावे. दहा वेळा लिहून आणणे."

त्याखाली माझं अक्षर. मी चारदाच लिहिलं होतं.

पत्रिका पप्पांना दाखवली. त्यांनी चारही ओळी बोटानं मोजल्या आणि म्हणाले, "लहानपणापासून अशीच हायस." दहाला पाच कमी असताना मी पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पप्पा तिथेच उभे होते, पण त्यांनी अडवलं नाही.

मग कूलर बंद केला, पेन घेतलं आणि ते उरलेल्या सहा वेळा लिहून काढलं.