खाडीकाठचं पान

वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी बाहेरची परीक्षक म्हणून कोकणातल्या एका कॉलेजात गेले होते. प्रयोगशाळेच्या खिडकीत एक पुस्तक उघडं पडलं होतं आणि वाऱ्यानं त्याची पानं उलटत होती. जवळ जाऊन पाहिलं, तर ते माझंच पाठ्यपुस्तक. कुणीही घ्यावं, छापावं, हवं तर बदलावं, अशी मोकळी परवानगी देऊन मी ते इंटरनेटवर ठेवलं होतं.

मुळांच्या धड्यात मी वडाच्या पारंब्या दिल्या होत्या. इथे त्या जागी चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वसनमुळं होती, हातानं काढलेल्या चित्रासकट.

"ते मी बदललं, मॅडम," तिथल्या प्राध्यापिका सावंत संकोचून म्हणाल्या. "आमची मुलं खाडीकाठची. रागावलात का?"

"छे! परवानगी मीच दिलीय," मी म्हटलं. तरी आत काहीतरी टोचलं. 'बदला' म्हणणं सोपं असतं. आपलं वाक्य खरोखरच नाहीसं झालेलं पाहणं वेगळं. लिहिणाऱ्याला वाटतं, धडा आपला. शिकवणारा तो रोज थोडाथोडा आपलासा करत असतो.

तोंडी परीक्षेत एका मुलीला मी विचारलं, "श्वसनमुळं कुठे पाहिलीस?"

"घरामागेच. भरतीला बुडतात, ओहोटीला पुन्हा श्वास घेतात."

ती उठल्यावर मी सावंतांना म्हटलं, "हे पान मला द्याल? माझ्या पुस्तकात घालते."

"घ्या की. फक्त चित्र हिनं काढलंय, तेवढं हिचं नाव खाली लिहा."

दारापर्यंत गेलेली मुलगी वळून पाहत थांबली. मी तिला तिचं पूर्ण नाव विचारलं.