गार केलेली फुलपाखरं

बदली होऊन लखनौला आले तेव्हा बँक सोडून माझी कुणाशी ओळख नव्हती. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घरामागे एक रिकामा प्लॉट होता, त्यात रुई माजलेली. तिथे पानाखाली एक हिरवा कोश दिसला आणि मला फोटोंचा नाद लागला. एका नारिंगी फुलपाखरासाठी दोन-दोन तास उकिडवं बसायचं आणि ते ऐन वेळी उडून जायचं.

मला शिकवलं लखनौच्या महानगर नावाच्या भागातल्या एका निवृत्त इंजिनिअरनं. आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या फोटोंत फुलपाखरू नेमकं फुलाच्या मधोमध, पंख पूर्ण उघडे. हे जमतं कसं, असं मी विचारलं की ते म्हणायचे, सब्र, धीर धरा. मी भाबडेपणानं मान डोलवायचे.

ऑक्टोबरात मी त्यांना आपणहून तो प्लॉट दाखवला. याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. शेजारी बर्फाची पिशवी आणि प्लॅस्टिकचा डबा. मला वाटलं, नाश्ता असेल. त्यांनी डबा उघडला, चिमट्यानं एक फुलपाखरू उचललं, रुईच्या फुलावर ठेवलं आणि काडीनं त्याचे पंख उलगडले. ते हललं नाही. त्यांनी शांतपणे फोटो काढले.

मी विचारलं तर गडबडलेसुद्धा नाहीत. आदल्या संध्याकाळी पकडून फ्रिजमध्ये ठेवायची, गार पडली की हलत नाहीत, एवढं सोपं.

"मैडम, सब करते हैं," ते म्हणाले. "पाँच मिनट में उड़ जाएगी।"

मी घड्याळ लावून उभी राहिले. डब्यातल्या चारांपैकी दोन उडाली. तिसरं गवतात तिरकं पडून फडफडत राहिलं. फुलावरच्याला मुंग्या लागल्या, तेव्हा गुरुजी लेन्स पुसत होते. माझं हिंदी त्या क्षणी आटलं. मी मराठीतच ओरडले, "लाज वाटत नाही तुम्हाला?" शब्द कळले नसतील, पण सूर कळला. कीड़ाच तर आहे, असं काहीसं पुटपुटत त्यांनी सामान आवरलं.

घरी येऊन मी सगळं ग्रुपवर लिहिलं. डब्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. मोठ्यांशी असं बोलत नाहीत, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. दोघांनी तर फोन करून माफी मागायला सांगितलं. मी फोन ठेवला तेव्हा माझी मुलगी अभ्यास सोडून उठली. इथे आल्यापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. "मम्मी, माफ़ी मत माँगना," एवढंच म्हणाली. रात्रीपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

हिवाळ्यात त्यांचं प्रदर्शन भरलं. मी मुद्दाम गेले. तोच फोटो, मोठ्या फ्रेममध्ये. खाली लिहिलेलं, 'प्राकृतिक आवास में', म्हणजे नैसर्गिक अधिवासात. आयोजक बाईंना गाठून सांगितलं, तर त्यांनी मला चहा विचारला.

मग मी त्या फ्रेमशेजारी जाऊन उभी राहिले आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला साध्या आवाजात सांगत राहिले, "ये मरी हुई है।" काही हसले, काही सटकले. एक आजोबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि मोबाइलवर त्याचा फोटो न काढताच पुढे गेले. गुरुजी समोरच्या भिंतीपाशी उभे होते. माझ्याकडे आले नाहीत. हॉल बंद होईपर्यंत मी तिथून हलले नाही.